कोंबडा आरवला नव्हता

तोंडवली, ता. मालवण
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. सर्वेश यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. दिव्याला पापा. नम्रताला ड्युटीवरून आल्यावर हे पत्र वाचायला दे. नाही दिलंस तरी ती वाचणारच आहे.

इकडे सगळं ठीक. भाताची झोडणी कशीबशी उरकली. पावसाने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही, त्यामुळे पेंढा काळा पडलाय आणि गाय तोंड फिरवते. तुझ्या आईचा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही. बाबलीकाकाने होडीला रंग दिला. नाव लिहिताना पहिलं अक्षर एवढं ढोल काढलं की शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही. आता सगळी वाडी ते अर्धवट नाव वाचून हसते आणि तोही त्यांच्यात उभा राहून हसतो.

पाकीट आणायला पोस्टात गेलो होतो. तिथल्या बाईंनी विचारलं, "अण्णा, खंय धाडतास?" म्हटलं, कसालला. "कसालाक? एस्टीन गेलात तर जेवणाक परत येशात!" मी म्हटलं, कागदावरच बरं असतं काही काही. तिने वर बघितलं आणि पाकीट दिलं.

तू माझा फोन उचलत नाहीस. आईने लावला की उचलतोस आणि मागून माझा खोकला ऐकू आला की तुझी रेंज जाते. कसालला हायवेवर राहतोस, रेंज जायला ते काय अंदमान आहे? असो. रागावून लिहीत नाही. माझ्या रागाला आता कोण विचारतो.

चोवीस तारखेचं मला कळलंय. नम्रताने आईला सांगितलं आणि वर "अण्णांका सांगू नकात" असंही बजावलं. तुझ्या आईच्या पोटात ते किती वेळ राहणार? मी चहा संपवीपर्यंतसुद्धा राहिलं नाही. मेडिकल झालं, सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, नवी करून झाली, चोवीसला परत बोटीवर साइन ऑन, नऊ महिने. आणि दीड वर्षाच्या दिव्याला इन्सुलीला नम्रताच्या आईकडे ठेवणार. ऐकलं आणि चहा तसाच निवला.

त्याच्याबद्दलच लिहायला बसलोय. पण तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस थेट बंदरात घुसत नाही, बाहेर नांगर टाकून थोडा थांबतो. तर आधी एक वेगळी गोष्ट.

कोंबड्याचं कार्टून आठवतं तुला? आठवणारच. मी सुट्टीवर आलो की पहिल्याच संध्याकाळी तू आणि वाडीतली सगळी पोरं पडवीत जमायची आणि मला ते करून दाखवायला लावायची. आमच्या बोटीवर कुकने आपल्या मुलासाठी जुन्या कार्टूनांची एक कॅसेट घेतली होती. ती मुलापर्यंत पोचायच्या आधी आम्हीच बघून बघून झिजवली. त्यातलं हे सगळ्यात जुनं. रंग उडालेला, वाजंत्री घशात काहीतरी अडकल्यासारखी. कोंबडी डोक्याला रुमाल बांधून बाजाराला निघते आणि कोंबड्याला सांगते, अंड्यावर बस. कोंबडा छाती फुगवून हसतो. बसायचंच ना? आधी उलटा बसतो. मग अंड्यावर आपली टोपी ठेवून विडी ओढायला जातो. अंडं घरंगळतं, हा मागे धावतो, कपबश्या फुटतात, शेवटी अंडंही फुटतं आणि पिल्लू बाहेर येऊन पहिली चोच ह्याच्याच नाकावर मारतं. मग हा पोरं वाढवायचं जाडजूड पुस्तक काढतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, बाळ रडल्यास गाणं म्हणावं. हा गाणं म्हणतो तेव्हा गोठ्यातली गाय आडवी होते. मी सांगताना ती वाडीतल्या दाजींची म्हैस करायचो. दाजी समोर बसलेले असले तर जास्तच.

आणि शेवट. कोंबडी परत येते, घराची दशा बघते, झाडू घेऊन कोंबड्याच्या मागे लागते, सगळा गोठा खो खो हसतो. मग कोंबडा कौलांवर चढतो आणि आपण अजून कोंबडाच आहोत हे गावाला कळावं म्हणून जीव खाऊन आरवतो. त्या वेळी मी खुर्चीवर उभा राहून असा आरवायचो की पलीकडच्या परसातून खरा कोंबडा उत्तर द्यायचा. खाली उतरता उतरता बाबलीकडे बोट दाखवून म्हणायचो, "आणि ह्यो आमचो घरातलो कोंबडो!" सगळी हसायची. तू हसून हसून लोळायचास. बाबलीही हसायचा.

तो शेवट खोटा आहे, सर्वेश. मी बनवलेला आहे. खरा मला पहिल्यापासून माहीत होता. तो सांगतो, पण त्याच्याआधी गणेशचवथीचं लिहिलं पाहिजे, नाहीतर तू म्हणशील म्हातारा ते टाळतोय.

टाळतच होतो. आपल्या घरात आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचा, सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान माझा. मी बोटीवर असलो की बाबली घालायचा. त्याचं गाऱ्हाणं म्हणजे चार शब्द आणि घाम. माझं ऐकायला शेजारची वाडी यायची. ह्या चवथीला पडवी भरलेली होती. तू दिव्याला कडेवर घेऊन खांबाजवळ उभा होतास, तिने तुझ्या शर्टाचं बटण तोंडात धरलं होतं. मी रंगात आलो होतो. पाऊसपाणी झालं, गुरंवासरं झाली, मुंबईकरांची सुखरूप वाट झाली, आणि मग माझ्या जिभेला काय सुचलं देव जाणे. "बा गणराया, आमच्या सर्वेशाक बायलेसारख्या घरात बसान चेडवाची लंगोटा धुवची बुद्धी कोणी दिल्यान आसात, तर ती काढून टाक, आणि तेका परत बोटीर चढव रे महाराजा!"

आणि सगळी पडवी एका आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा!"

लोकांचा दोष नाही. गाऱ्हाण्यात शेवटी "रे महाराजा" आलं की आपल्याकडच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं, शब्द कानात शिरायच्या आधी. मागून हशा आला. पण मी तुझ्याकडे बघत होतो. तूही म्हणालास, "व्हय महाराजा." लहानपणापासूनची सवय, तोंडातून गेलं. मग तुझ्या लक्षात आलं तू कशाला हो म्हणालास. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि तरी प्रसादाचं ताट फिरवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आणि आता देव ते गाऱ्हाणं पुरं करतोय. मला भीती वाटते, बाबा. आयुष्यात कितीतरी गाऱ्हाणी घातली, एवढ्या लवकर एकही पुरं झालं नव्हतं.

ज्याला मी हसलो ते चवथीच्या आधीचे चार दिवस मी डोळे भरून बघितलं होतं, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. ती रडली की स्वयंपाकघरातून तू सांगायचास, "ही भूक न्हय, झोप." आणि ती झोपच असायची. बांगड्याचा एकेक काटा काढून पेजेत कालवून द्यायचास आणि आधी स्वतःच्या जिभेवर फिरवून बघायचास. अंगणात ती चालायला लागली की तू तिच्यासमोर उलटा चालायचास, हात पुढे, पण न धरता. एकदा ती पडली. तू उचललं नाहीस, खाली तिच्या शेजारी बसलास आणि ती जिथे बघत होती तिथे बघत राहिलास. तिथे एक मुंगळा होता. दोघं त्याच्याकडेच बघत बसलात. ती रडायचं विसरून गेली. मी बोटीवर तुफानात सुकाणू धरलेली भलीभली माणसं पाहिलीत, पण असं हाताळणं मला कोणात दिसलं नव्हतं. मला येत नव्हतं. म्हणून मी हसलो.

आता खरा शेवट. पण त्याच्याआधी तुला एक ठाऊक नसलेली गोष्ट. तू मला अण्णा का म्हणतोस?

तू अडीच वर्षांचा असताना मी चौदा महिन्यांनी घरी आलो. सेलवर चालणारी लाल गाडी आणली होती. मी अंगणात बॅग ठेवली आणि हात पुढे केले. तू बाबलीच्या मागे लपलास, त्याचा पंचा धरलास आणि त्याला विचारलंस, "बाबा, हे कोण?"

बाबलीचा चेहरा असा झाला की जणू त्याने चोरी केली. "अरे, मी काका! बाबा ते!" तुझी आई घाईघाईने म्हणाली, "बाबली म्हणाक जीभ वळणा नाय तेची, म्हणान बाबा म्हणता." सगळ्यांना हायसं वाटलं. बाबलीचा बाबा, साधी गोष्ट. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. दुसऱ्या दिवशी मीच सांगितलं, ह्याला मला अण्णा म्हणायला शिकवा, दोन बाबा झाले तर पोराचा गोंधळ होईल. तुझा काही गोंधळ होत नव्हता. तू तापाने फणफणलास की जो रात्रभर खांद्यावर घेऊन फिरायचा, ज्याच्या पाटावर बसून जेवायचास, त्याला तू बाबा म्हणत होतास. ते जिभेमुळे होतं की कशामुळे, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

त्यानंतरच्याच सफरीत, दुपारी वॉचची पाळी संपवून मेसमध्ये जेवत होतो आणि कुकने ते कार्टून लावलं. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे हसत होतो. कोंबडी परत येते. कोंबडा खाली मान घालून उभा, फुटक्या कपबश्या पायाने मागे लोटत. तो पिल्लाला पंखाने हळूच तिच्याकडे ढकलतो. पिल्लू कोंबडीकडे बघतं, तिच्या रुमालाकडे बघतं, आणि वळून परत कोंबड्याच्या पंखाखाली शिरतं. कोंबडी झाडूबिडू घेत नाही. टोपली खाली ठेवते आणि त्याला बसायला जागा करून देते. मग पहाट होते. कोंबड्याचं रोजचं काम, कौलांवर चढून आरवायचं. तो चढतो, छाती फुगवतो, चोच उघडतो, आणि पंखाखाली बघतो. पिल्लू झोपलेलं आहे. कोंबडा चोच मिटतो. सूर्य अर्धा वर आलेला असतो, तो आरवण्याची वाट बघत थांबतो. कोंबडा त्याच्याकडे बघून नुसती मान हलवतो. सूर्य थोडा विचार करतो आणि जरासा परत खाली जातो. संपलं.

मेसमध्ये सूर्यावर हशा पिकला. मी ताट तसंच ठेवून डेकवर गेलो. बोसनने, आमच्या डेकवरच्या मुकादमाने, विचारलं तर सांगितलं, डोळ्यात रंगाचा थेंब गेला.

कोणी काढलं असेल ते? कुठला तरी परदेशी माणूस, आता जिवंतही नसेल. सात मिनिटं माकडचेष्टा आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एवढं. त्याला हे कुठून कळलं? मी त्याला हात जोडतो. सूर्याला थांबवणारे गोष्टींमध्ये कितीतरी असतात, पण एका पोराच्या झोपेसाठी, तेही न बोलता, हे ह्या कोंबड्यानेच केलं.

पुढच्या सुट्टीत तू चार वर्षांचा होतास आणि तू मला पहिल्यांदा स्वतःहून म्हणालास, "अण्णा, गजाल सांग." मला एवढा आनंद झाला की मी हेच सांगायला घेतलं. शेवटाजवळ आलो आणि बघतो तर बाबली उंबऱ्यावर बसून ऐकतोय आणि तू त्याच्या गुडघ्यावर रेललायस. माझ्या तोंडातून ते पिल्लू काही पंखाखाली जाईना. गेलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं ते कोणाच्या पंखाखाली गेलं. म्हणून झाडू आणला, गोठा हसवला आणि खुर्चीवर चढून आरवलो. घरात राहणाऱ्या माणसाला हसायला मी तुला असं शिकवलं. तेव्हा बाबली होता, चवथीला तू होतास. 'घरातलो कोंबडो'च्या जागी 'बायलेसारखो' आला, एवढाच फरक.

महिन्यापूर्वी बाबलीच्या अनुजाला सांगितलं, तुझ्या फोनवर मला एक जुनं कार्टून शोधून दे, कोंबडा, अंडं, आणि शेवटी सूर्य खाली जातो. पोरीने दहा मिनिटांत काढून दिलं. तुझी आई, अनुजा, बाबली, मी, सगळ्यांनी पडवीत बसून बघितलं. मला वाटलं होतं एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात काहीतरी वाढलं असेल. काही वाढलेलं नव्हतं. फोन अनुजाला परत देताना बाबली म्हणाला, "दादा, हो शेवट बरो आसा." आणि गाईला पाणी दाखवायला गेला. एवढं वय झालं, तरी त्याने त्या खोट्या शेवटाबद्दल मला एकदाही काही विचारलं नाही. मी त्याच्या मागे गोठ्यात गेलो आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कसली रे?" आणि बादली माझ्या हातात दिली.

तुळशीच्या लग्नाला सगळी वाडी आपल्या अंगणात होती. मंगलाष्टकं झाली, चुरमुरे वाटायच्या आधी मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो. "बा महाराजा, चवथीक ह्या तोंडान माझ्या झिलाबद्दल जा गाऱ्हाणा घातलंय, ता चुकीचा होता. ता मी मागे घेतंय. माझो झील घरात ऱ्हवान चेडवाक वाढयता, ता मोठा काम आसा. तेका यश दी रे महाराजा."

कोणी काही म्हणेना. दाजी पुढे आले, "दत्तू, घातलेला गाऱ्हाणा मागे घेवची रीत नाय." मी म्हटलं, "नसली तर आज पडांदे." मग मागून, तुळशीपलीकडून, एकट्या बाबलीचा आवाज आला. "व्हय महाराजा." मग तुझी आई. मग अनुजा. दाजी सगळ्यात शेवटी म्हणाले, पण म्हणाले. म्हणजे देवाच्या बाजूने ते काम मी निस्तरलंय. तुझ्या बाजूचं उरलंय.

तर आता नांगर उचलतो. चोवीस तारखेला माझ्या जिभेसाठी जाऊ नकोस. समुद्र वाईट नाही, त्याने ह्या घरावर कौलं घातली, मी त्याला नावं ठेवणार नाही. तुला स्वतःला त्याची ओढ असेल, इंजिनाचा वास आठवत असेल, तर जा, मी निरोप द्यायला येईन. पण मला काहीतरी दाखवून द्यायला जाणार असशील तर मला दिसलंय. चार दिवसांत दिसलं होतं. तू माझ्यापेक्षा चांगला बाप आहेस, आणि हे मला तुझ्या तोंडावर सांगता येत नाही म्हणून पाकीट घेतलं.

आणि जायचंच ठरवलंस तर दिव्याला इन्सुलीला ठेवू नका. मी कसालला येऊन राहीन. लंगोट मी धुवीन. बाहेर दोरीवर वाळत घालीन, हायवेवरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील असे.

मी येत्या शुक्रवारी सकाळच्या एसटीने येतोय. दार उघड, नाहीतर नको उघडू, मी पायरीवर बसेन, मला वॉच द्यायची सवय आहे. उघडलंस तर एक काम कर. तिला आंघोळ कशी घालतात ते मला दाखव. डोक्यावर पाणी कसं ओतायचं, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून हात कुठे ठेवायचा. माझ्या नातीसाठी विचारतोय, पण खरं म्हणजे माझं आपलं राहून गेलंय. तुला मी एकदाही आंघोळ घातलेली नाही.

धाकट्यांना पत्रात आशीर्वाद लिहायचा, नमस्कार त्यांनी लिहायचा. बहात्तर वर्षांत मी ही रीत मोडली नाही. आशीर्वाद वर लिहिलाच आहे, तो तुझा बाप म्हणून. हे खालचं, दिव्याच्या बापाला.

नमस्कार.

अण्णा